आमची सूनबाई बर्फाकडे जाते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. मंडळाच्या भजनात झांज धरणे आणि दिवाळीत भाजणीचे प्रमाण सांगणे, एवढाच माझा आजवरचा सार्वजनिक कार्यभाग. परंतु गेली चार वर्षे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला "सूनबाई दिसत नाहीत?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला, की चिटणीसबाई म्हणाल्या, "एकदा उभ्या राहून सगळ्यांनाच सांगून टाका ना!" म्हणून ही उभी राहिले आहे.

तर सून रुसून माहेरी गेलेली नाही. अंटार्क्टिकाला प्रवासी घेऊन जाणाऱ्या बोटीवर ती गाइड आहे. वाटाड्या म्हणावे, तर तिथे वाट अशी नसतेच. ऑक्टोबरअखेर ती जाते आणि मार्च संपता संपता परत येते. तिकडचा उन्हाळा तेवढाच.

पहिल्या वर्षी मी स्वतःच फार नाराज होते. मुलगी प्राणिशास्त्र शिकलेली, शनिवार-रविवार मुलांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाखरे दाखवायला नेई, ते मला कौतुकाचे वाटे. पुढे एका प्रवासी कंपनीतर्फे ती मराठी मंडळींना घेऊन त्या बोटीवर गेली, आणि तिथल्या लोकांनी तिचे काम पाहून बोटीवरच नोकरी देऊ केली. लग्नाला उणीपुरी दोन वर्षे झालेली. मुलगा म्हणे जाऊ दे, मी म्हणे लोक काय म्हणतील. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हते.

तिने वाद घातला नाही. डॉ. अदिती पंत यांची हकीकत मात्र सांगितली. या बाई आपल्या नागपूरच्या, जन्म १९४३ चा. पुण्यात, मग हवाई बेटांत आणि लंडनला शिकून गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या. डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी मोहीम गोव्याहून निघाली, तीत त्या होत्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्या याच दोघी. त्याच मोहिमेत आपले 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभे राहिले. हे ऐकून मी मनाशी हिशेब केला. त्या वर्षी मी नवी नवरी होऊन गोरेगावात आले होते, आणि एकटीने चर्चगेटला जायचे तरी सासूबाईंना विचारत होते. मी तिला म्हटले, "बॅगेत मेतकूट घेतलेस का?" आमच्या घरात परवानगी अशीच दिली जाते.

आता तिचे काम काय, ते सांगते. अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकाला उश्वाया नावाचे बंदर आहे, तिथून बोट निघते. मध्ये दोन दिवस ड्रेकची सामुद्रधुनी लागते, आणि ती बहुधा खवळलेली असते. प्रवासी आडवे पडलेले, आणि हिने त्या हलत्या बोटीत उभे राहून देवमाशांवर व्याख्यान द्यायचे. (मला इथे स्थिर जमिनीवर घाम फुटला आहे.) याच दोन दिवसांत सगळ्यांचे कपडे तपासतात. खिशात, बुटांच्या खाचांत, चिकटपट्ट्यांत इकडचे गवताचे बी अडकलेले असले तर ते टोचून, ओढून काढतात. बूट औषधात बुडवून धुतात, उतरताना आणि परत आल्यावरही. पाहुण्यांना उंबऱ्याशी पाय धुवायला लावणारी आमची आजी मला आठवली.

किनाऱ्याला धक्का नसतो. दहाएक माणसे बसतील अशा रबरी होड्यांतून न्यायचे. गाइड मंडळी आधी उतरतात, बर्फात भेगा कुठे आहेत ते पाहतात, सुरक्षित वाटेवर काठ्या रोवतात. वारा फिरला आणि बोटीवर परतता आले नाही तर म्हणून तंबू व खाण्याचे डबे किनाऱ्यावर आणून ठेवतात. मग माणसे. एका वेळी शंभरांहून अधिक नाहीत, आणि ज्या बोटीवर पाचशेंहून जास्त प्रवासी असतील त्यांना पाऊल ठेवायला मिळतच नाही. पेंग्विनपासून पाच मीटर दूर उभे राहायचे. पेंग्विन चालत आला तर वाट त्याची, आपण थांबायचे. जमिनीवर काही खायचे नाही, आणि भगिनींनो, इतर कशाचीही सोय नाही, ते बोटीवरच आटोपून यायचे. पक्ष्यांच्या फ्लूच्या धोक्यामुळे खाली बसायलाही मनाई आहे. शेवटी डोकी मोजायची. गेलेला प्रत्येक माणूस परत आल्याची नोंद जुळल्याशिवाय बोट हलत नाही. कान्हेरीच्या सहलीत आपण एका बाईंना मागे ठेवून बसमध्ये बसलो होतो, ते मी तिला सांगितलेले नाही.

पहाटे पाचला उठून रात्री दहापर्यंत हे चालते. बोटीवर असेल तेवढ्याच दिवसांचा पगार. पेंग्विनांच्या वसाहतीला वास कसला येतो म्हणाल, तर मढ-वेसाव्याला बोंबील वाळत असताना जो येतो त्याचा मोठा भाऊ.

एक प्रसंग तिच्या तोंडून ऐकलेला सांगते. मुंबईच्याच एक आजी, वय सत्तरीपुढचे, आयुष्याची पुंजी मोडून आलेल्या. किनाऱ्यावर त्यांनी एक गुळगुळीत खडा उचलून हातमोज्यात लपवला. देवघरात ठेवायचा होता, आपण नर्मदेतला आणतो तसा. तिथला एक दगडही नेता येत नाही, तसा आंतरराष्ट्रीय करार आहे. सूनबाईने चारचौघांत काही बोलून दाखवले नाही. जवळ जाऊन मराठीत म्हणाली, "आजी, तो खडा कुणाच्या तरी घराचा आहे." पेंग्विन खड्यांचीच घरटी रचतात, इतके, की शेजाऱ्याचे चोरतातसुद्धा. आजींनी खडा जागेवर ठेवला, पण डोळ्यांत पाणी आले. ही म्हणते, नियम सांगणे सोपे होते, ते डोळे पाहणे अवघड गेले.

मी तिला एकदा विचारले, "एवढे जपायचे तर माणसांना नेताच कशाला?" अलीकडे एका हंगामात एक लाखाहून अधिक प्रवासी तिकडे जातात. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "आई, हा प्रश्न मलाही पडतो. मी गेले नाही तरी बोटी जाणारच, मग 'मागे सरा' म्हणणारे कुणी तरी तिथे हवे." हे उत्तर मला पुरते पटलेले नाही, आणि तिलाही नसावे. आपल्या दिंडोशीच्या टेकडीवर बिबट्या दिसला की गर्दी करू नका, त्याच्या वाटेत जाऊ नका, असे सांगणारी मुले येतात. आपण त्यांच्यावर आधी चिडतो आणि मग ऐकतो. हिचे काम त्याच जातीचे.

भीती वाटत नाही असे नाही. अशा सफरींसाठी खास बांधलेली एक बोट होती, १९६९ सालची, 'एक्सप्लोरर' नावाची. २३ नोव्हेंबर २००७ रोजी ती तिकडेच बर्फाला धडकून बुडाली. बोटीवर १५४ माणसे होती. थंडीत काही तास होड्यांत बसून राहिली आणि सगळीच्या सगळी वाचली. हे मला मुलाने धीर द्यायला सांगितले. मी त्यातला 'बुडाली' एवढाच शब्द ऐकला. नोव्हेंबर ते मार्च आमच्या देवघरातला दिवा अंमळ जास्त वेळ तेवतो.

तिकडे पोर्ट लॉकरॉय म्हणून जागा आहे, तिथे उन्हाळ्यापुरते टपालघर उघडते. तिथून तिने मला कार्ड टाकले. ते आधी इंग्लंडला जाते आणि मग इकडे. ती स्वतः घरी आली, पुरणपोळी खाऊन झाली, आणि नंतर कितीतरी दिवसांनी पोस्टमन कार्ड घेऊन आला. कार्डावर लिहिले होते, "आई, मेतकूट संपले."

येत्या ऑक्टोबरअखेर ती पुन्हा निघेल. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मात्र ती घरी असते. आंब्याची डाळ तीच वाटते. ज्यांना आणखी काही विचारायचे असेल त्यांनी तेव्हा तिलाच विचारावे. मला ठाऊक होते तेवढे मी सांगून टाकले.