अशनीचा शोध

निरभ्र रात्रीं आकाशांतून तुटणारा तारा पाहिला नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु तो तारा नसतो, आणि बहुधा तो जमिनीपर्यंत पोंचतही नाहीं. वाळूच्या कणाएवढा एखादा तुकडा सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरतो, तापतो आणि नाहींसा होतो. ही झाली उल्का. तुकडा पुरेसा मोठा असला, तर त्याचा कांहीं अंश शिल्लक राहून भूमीवर पडतो. त्यास अशनि म्हणावयाचें.

आकाशांतून दगड पडतात ही गोष्ट युरोपांतील पंडितांना फार काळ पटत नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यानें 1794 सालीं तसें प्रतिपादन केलें, तेव्हां त्याची थट्टाच झाली. पुढें 1803 सालीं फ्रान्समधील लेग्ल गांवीं दिवसाढवळ्या दगडांचा वर्षाव झाला आणि बियो या शास्त्रज्ञानें जागेवर जाऊन चौकशी केली, तेव्हां शंका मिटली. आपल्याकडे मात्र त्यापूर्वीं पावणेदोनशें वर्षें, 1621 सालीं, जालंधर परगण्यांत पडलेल्या लोहगोलाची हकीकत जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. गोळ्याचें वजन 160 तोळे भरलें आणि त्यांत साधें लोखंड मिसळून बादशहानें तलवारी व खंजीर घडविले.

आज जगांत पुष्कळ हौशी मंडळी असे दगड शोधीत हिंडतात, आणि त्यांचें आवडतें क्षेत्र म्हणजे वाळवंट. अशनि कांहीं वाळवंटावर अधिक पडत नाहींत. ते सर्वत्र सारखेच पडतात. परंतु ओल्या प्रदेशांत त्यांतील लोखंड गंजून दगड थोड्याच काळांत भुगा होतो, आणि उरलाच तर गवताखालीं वा मातीखालीं दडतो. कोरड्या वाळवंटांत तो हजारों वर्षें टिकतो आणि फिकट जमिनीवर काळा ठिपका दुरून दिसतो. अंटार्क्टिकाच्या बर्फावरही तसेंच घडतें. 1969 सालीं जपानी पथकाला यामातो पर्वताजवळ नऊ अशनि सांपडले, तेव्हांपासून त्या खंडांत त्यांचें मोठें भांडार उघडलें.

आतां बारामती तालुक्यांतील सुप्याचा विचार करूं. शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरीमुळें हें नांव महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. येथें पाऊस बेताचा, झाडी विरळ आणि माळ मोकळे. जवळच्या मयूरेश्वर अभयारण्यांत चिंकारा हरिणें याच माळावर चरतात. वरवर पाहतां अशनि शोधण्यास हें रान उत्तम वाटेल. परंतु अडचण पायाखालींच आहे. दख्खनचा सगळा पाषाण काळा बेसॉल्ट; पृष्ठभाग झिजून त्याचे गोल, काळे, जड धोंडे माळावर विखुरलेले असतात. वाळवंटांत अशनि हा एकटा काळा दगड असतो. सुप्याच्या माळावर तो हजारों काळ्या दगडांतील एक होतो. शिवाय काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगांत पडलेला लहान दगड पुढच्या पावसांत वर राहीलच असा भरंवसा नाहीं.

म्हणून येथील शोधकानें ओळखण्याच्या कसोट्या पक्क्या करून मगच उन्हांत पाऊल टाकावें. लोहचुंबकाची कसोटी सर्वांना माहीत असते, पण दख्खनमध्यें तीच फसवी. बेसॉल्टांत चुंबकी लोहखनिज असल्यामुळें तोही चुंबकाकडे ओढला जातो. छिद्रें असलेला दगड मात्र निःशंकपणें टाकून द्यावा. लाव्हांतील वायूच्या बुडबुड्यांनीं आणि भट्टींतील मळींतही अशीं छिद्रें पडतात; अशनींत तीं क्वचितच आढळतात. दुसरी कसोटी वजनाची. दगड प्रथम तराजूंत तोलावा आणि मग दोरीला बांधून पाण्यांत बुडवून तोलावा. हवेंत 350 ग्रॅम भरणारा दगड पाण्यांत 100 ग्रॅमनें हलका झाला, तर त्याचें विशिष्ट गुरुत्व साडेतीन झालें. बेसॉल्टाचें सुमारें तीन असतें, साध्या पाषाणी अशनीचें बहुधा साडेतीनच्या आसपास, तर लोही अशनीचें जवळजवळ आठ.

ताज्या अशनीवर पातळ काळें कवच असतें आणि कधीं कधीं ओल्या मातीवर आंगठे दाबावेत तसे ठसेही असतात. कोपरा किंचित् घांसला असतां धातूचे चकचकीत कण दिसले तर आशा धरण्यास जागा आहे. त्या धातूंत निकेल असतें. कारखान्याच्या साध्या लोखंडांत तें नांवालाही नसतें. मोहरीएवढे गोल दाणे दिसले तर ते बहुधा सूर्यमालेच्या बाल्यांतील वितळलेले थेंब, सुमारें साडेचार अब्ज वर्षांपूर्वींचे.

यापुढील काम प्रयोगशाळेचें. दगडाचा केसाहूनही पातळ काप करून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात आणि खनिजांतील लोहाचें प्रमाण मोजतात. दाणेदार पाषाणी अशनींपैकीं एकंदर लोह अधिक तो एच वर्ग, कमी तो एल, आणि त्याहून कमी लोह व अगदीं थोडा धातू तो एलएल. दाणे स्पष्ट असतील तर पुढें तीन हा अंक, आणि उष्णतेनें ते पुसट होत गेले असतील त्या मानानें सहापर्यंत. हौशी मनुष्य संशय घेऊं शकतो. निर्णय मात्र तज्ज्ञांचा.

महाराष्ट्रांत अशनि पडतच नाहींत असें नाहीं. 1866 सालीं जामखेडला आणि 1879 सालीं सातारा भागांतील कळंबीला पडल्याची नोंद आहे. उलट बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर अवकाशांतील गोळ्याच्या आघातानें झालें असलें, तरी तेथें जाणाऱ्याच्या हातीं अशनि लागत नाहीं. पावणेदोन किलोमीटरांहून रुंद खळगा पाडणारा तो गोळा आघाताच्या उष्णतेनें वितळून व वाफ होऊन गेला.

परंतु खरा धडा नागपूर जिल्ह्यांतील काटोलचा. 22 मे 2012 रोजीं भर दुपारीं तेथें आकाशांत गडगडाट झाला आणि गांवांत व रानांत दगड पडले. एकंदर वजन सुमारें 13 किलोग्रॅम. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनीं तुकडे गोळा केले आणि दगड एल-सहा वर्गाचा ठरला. पुढें 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्याच्या सूक्ष्म शिरांत ब्रिजमनाइट हें खनिज आढळलें. पृथ्वीच्या पोटांत सुमारें 660 किलोमीटरांखालीं तें विपुल आहे; पण तेथवर कोणाचा हात पोंचत नाहीं. पाताळांतील खनिजाचा नमुना विदर्भाच्या मातींत आकाशांतून उतरला!

या लाभाचें कारण एवढेंच, कीं त्या दगडाचा दिवस, वेळ आणि जागा माहीत होती आणि तो लवकर जाणत्यांच्या हातीं पडला. सहारांत सांपडलेले शेंकडों दगड हातोहात विकले गेले. ते कोठें पडले होते हें सांगणारा उरला नाहीं, म्हणून त्यांना 'नॉर्थवेस्ट आफ्रिका' आणि एक अंक एवढेंच नांव मिळालें. दगड राहिला, पण त्याचें गांव हरवलें.

तेव्हां सुप्याच्या माळावर वा कोणाच्या अंगणांत संशयास्पद दगड मिळालाच, तर तो फोडूं नये, धुऊं नये आणि देवघरांतही ठेवूं नये. स्वच्छ कागदांत गुंडाळून त्यावर जागा, तारीख व वेळ लिहावी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणास किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास कळवावें. शंभरांतील नव्याण्णव दगड बेसॉल्टच निघतील. त्यांनींही शोधकाला आपल्याच भूमीचा पाषाण ओळखण्यास शिकविलें, हा कांहीं लहान लाभ नव्हे. आणि शंभरावा दगड आलाच, तर त्याची चिठ्ठी त्याच्याबरोबर असेल.