कथासंग्रहाची किंमत ठरवताना

तुमच्यापैकी काही जण कथा लिहितात आणि बचतीतून स्वतःच संग्रह छापतात. जरूर छापा, पण किंमत ठरवण्याआधी हिशेबाची वही काढा.

समजा, 200 प्रतींचा सगळा खर्च 16,000 रुपये आला. प्रत 80 रुपयांना पडली. तुम्ही किंमत 120 ठेवली, 40 सुटतील असे धरले. दुकानदाराचे कमिशन 40 टक्के असेल तर 48 रुपये तिथेच गेले, हातात 72. म्हणजे दर प्रतीमागे 8 रुपये पदरचे! किंमत 160 केली तर हातात 96 येतात. पण 20 प्रती भेट म्हणून जातातच. पाहुणे विकत घेत नाहीत. मग उरलेल्या 180 प्रती सुमारे 89 रुपयांना पडतात. स्वतः विकलेल्या प्रतीचे मात्र पूर्ण 160 तुमचे, टपालखर्च वेगळा घ्या.

आयएसबीएन क्रमांक सरकारकडून मोफत मिळतो, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका. दुकानात प्रती ठेवताना सहीची पोच घ्या. विक्रीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. आणि मुदत ठेव मोडून एकदम 500 प्रती छापू नका. प्रतीमागे खर्च थोडा वाढला तरी चालेल. आधी 100 छापा, त्या खपल्या की पुढच्या.