स्वतः पाहिल्याशिवाय सही करू नका



विमानाविषयी बोला, मुलांना मार्गदर्शन करा, असा निरोप होता. पण शाळेच्या या पटांगणात पाय ठेवला आणि नववीचा वर्गच डोळ्यांपुढे आला. सरांनी एक बारीक आणि एक जाड सिरिंज सलाईनच्या नळीने जोडली, पाणी भरलं, जाड सिरिंजच्या दट्ट्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. बारीक दट्ट्या अंगठ्याने दाबला की गठ्ठा वर! पास्कलचा नियम वहीत नंतर उतरला. ‘आधी हात लाव, मग लिही,’ हे सरांचं वाक्य. सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, त्याच वाक्यावर विमानांच्या कामातली माझी सगळी नोकरी झाली.

मोठ्या विमानाच्या रडरवर, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या भागावर, वेगात हवेचा एवढा रेटा येतो की नुसत्या पायाच्या जोराने तो वळवणं अवघड. म्हणून सिरिंजमधल्या पाण्यासारखा तेलाचा दाब मदतीला घेतात, ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगसारखा. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन असंच होतं. त्यात हवेचा थोडा रेटा वैमानिकाच्या हातापायांनाही जाणवे. पुढे जम्बो ७४७ मध्ये सगळी ताकद तेलाचीच. हातापायांना अंदाज यावा म्हणून रेटा मुद्दाम निर्माण करावा लागला. दाब चौरस इंचाला सुमारे ३,००० पौंड, आणि यंत्रणा एक नव्हे, चार.

तरी १२ ऑगस्ट १९८५ ला जपानमध्ये एका जम्बोच्या चारही यंत्रणांचं तेल गेलं. ५२० माणसं गेली. केबिनमधला हवेचा दाब अडवणारी मागची दाबभिंत फुटून तेलाच्या नळ्या तुटल्या होत्या. त्या भिंतीच्या सात वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत जोडपट्टी अखंड न लावता दोन तुकड्यांत लावली होती, आणि ते काम पास झालं होतं.

म्हणून दहावीच्या मुलामुलींनो, स्वतः पाहिल्याशिवाय सही करू नका. न केलेल्या प्रयोगाचं जर्नल उतरवू नका. उद्या बँकेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, कुठेही बसलात तरी आधी पाहा, मग सही करा.

आणि समोर बसलेल्या आईवडिलांना हात जोडून विनंती: घरची मोटर, पंप, ट्रॅक्टर मेकॅनिकने उघडला की मुलाला हाक मारा. मुलीलाही हाक मारा.