कुलगुरूंची निवड आणि आपली शेती

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



कृषी विद्यापीठाला नवे कुलगुरू मिळणार, अशी बातमी वर्तमानपत्रात आली की आपल्यापैकी बरेच जण पान उलटून बाजारभावाकडे वळतात. ‘कुलगुरू कोणीही येवोत, आपल्याला पावसाची आणि भावाची काळजी,’ असे सर्रास बोलले जाते. परंतु या नेमणुकीचा आपल्या बियाण्याशी, कलमा-रोपांशी आणि पीक सल्ल्याशी जवळचा संबंध आहे. तो कसा, हे आज थोडक्यात पाहू.

नेमणूक कशी होते?

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांचा कारभार १९८३ च्या कायद्यानुसार चालतो. राज्यपाल हे कुलपती आणि कृषिमंत्री हे प्रतिकुलपती असतात. कुलगुरूंच्या निवडीसाठी समिती नेमली जाते. ती अर्जांची छाननी करून निवडक नावांची शिफारस कुलपतींकडे करते आणि त्यातून कुलपती एकाची नेमणूक करतात. मुदत साधारणपणे पाच वर्षांची असते. निवड लांबली तर दुसऱ्या विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. अशा वेळी रोजचे काम चालते; मोठे निर्णय मात्र पुढे ढकलले जाण्याची शक्यता असते.

पाच वर्षांचा खंड, दहा वर्षांची बाग

आता एका वाणाला किती काळ लागतो ते पाहा. को ८६०३२ हा ऊस आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याच्या क्रमांकातील ८६ हा आकडा १९८६ हे साल सांगतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला १९९६ मध्ये. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा दिला १९८१ मध्ये. त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ आला १९९२ मध्ये. म्हणजे वाणाला दहा-अकरा वर्षे लागतात आणि कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची!

पाच वर्षांच्या खंडाने जमीन घेणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एक जण आपल्यापुरते पीक काढून मोकळा होतो. दुसरा बांधबंदिस्ती करतो, शेणखत घालतो आणि आधीच्याने लावलेली झाडे जगवतो. विद्यापीठाला हा दुसऱ्या प्रकारचा माणूस हवा.

बियाण्याचेही तसेच आहे. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पैदासकार बियाणे तयार होते. त्यापासून पायाभूत आणि नंतर प्रमाणित बियाणे होऊन ते आपल्या हाती पडते. एखाद्या हंगामात पैदासकार बियाण्याचा कार्यक्रम मजूर किंवा निधीअभावी बिघडला, तर त्याची टंचाई आपल्याला दोन-तीन हंगामांनंतर जाणवते. तोवर दोष कोणाचा, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

नव्या कुलगुरूंकडे काय पाहावे?

सत्कार आणि हारतुरे झाल्यावर पहिल्या वर्षात तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१) आधीच्या काळात सुरू झालेले वाणांचे प्रयोग चालू राहिले की नाही. चाचणीचा एक हंगाम चुकला तर एक वर्ष वाया जाते.

२) संशोधन केंद्रांवरील शास्त्रज्ञांच्या रिक्त जागांचा पाठपुरावा होतो की नाही. भरती एकट्या कुलगुरूंच्या हातात नसते, शासनाची मान्यता लागते. परंतु मागणी त्यांनीच लावून धरावयाची असते.

३) शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन कामांपैकी विस्ताराचे काम मागे तर पडत नाही ना. विद्यापीठातले ज्ञान बांधावर पोहोचले नाही तर त्याचा आपल्याला काय उपयोग?

आपण काय करावे?

निवड आपल्या हातात नाही, पण विचारणा आपल्या हातात आहे. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेचे अध्यक्ष कुलगुरू असतात आणि तिच्यावर शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही नेमले जातात. आपल्या भागाचे प्रतिनिधी कोण आहेत, याची माहिती करून घ्यावी. कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीवरही शेतकरी असतात. त्यांच्यामार्फत आपल्या अडचणी लेखी मांडाव्यात. अकोल्याच्या शिवार फेरीसारख्या कार्यक्रमांना जाऊन उभी पिके पाहावीत आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारावेत. ‘मागच्या वर्षी दाखवलेल्या वाणाचे पुढे काय झाले?’ हा एकच प्रश्न दरवर्षी विचारला गेला, तरी काम अर्धवट सोडणे अवघड होईल.

बंधू-भगिनींनो, नवे कुलगुरू आले की त्यांचे स्वागत जरूर करावे. मात्र पाच वर्षांनी ते निरोप घेतील, तेव्हा त्यांच्यानंतर येणाऱ्याच्या हाती त्यांनी काय सोपवले, यावरून त्यांच्या कामाचे माप करावे.