अर्ज द्या, पोच घ्या
(मंडळाच्या मासिक बैठकीत झालेले भाषण)



आजच्या विषयाला 'राज्यकारभाराची मूलतत्त्वे आणि नागरिक' असे भारदस्त नाव दिले आहे. ते ऐकून काही मंडळी मागच्या बाकावर सरकली, हे आम्ही पाहिले. घाबरू नका, नागरिकशास्त्राचे पुस्तक वाचून दाखवणार नाही.

आपण सीमाभागातली माणसे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून मोर्चे, हरताळ आणि काळा दिन यांत आपल्या पिढ्या गेल्या. २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर गावच्या मराठी शाळेचे छप्पर गळायचे थांबणार आहे का? मोर्चाला हजार माणूस जमतो आणि ग्रामसभेला तीस. हे आमचेही पाप आहे, म्हणून बोलतो.

सरकार म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. राज्याची सीमा बदलणे संसदेच्या हातात, शिक्षक देणे राज्याच्या शिक्षण खात्याकडे, गटार, नळ आणि गल्लीतला दिवा ग्रामपंचायतीकडे. आपण मात्र तिन्ही गोष्टी लग्नात भेटलेल्या पुढाऱ्याला सांगतो. तो "बघू" म्हणतो, आपण जेवून घरी येतो. अधिकाऱ्याला अधिकार कायद्याने मिळतो, तसे उत्तर देण्याचे बंधनही कायद्यानेच येते. पण तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही.

मागे आमच्यातले चौघे एका कार्यालयात गेलो होतो. शाळेत पाच वर्ग आणि शिक्षक एक, एवढीच तक्रार. कारकुनाने अर्ज न वाचताच परत केला. का, तर तो मराठीत होता. आम्ही तावातावाने बाहेर आलो, चहा प्यालो, अजून एकदा संतापलो. दुसऱ्या दिवशी राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाची झेरॉक्स घेऊन गेलो. गाऱ्हाणे मांडण्यासाठी केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क ते कलम प्रत्येकाला देते. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि आमच्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

शिक्षक लगेच आला नाही, हे खरे सांगायला हवे. तीन महिने काहीच हालचाल नव्हती. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारले: आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, कागद आज कोणाच्या टेबलावर आहे? शिक्क्याची प्रत हाती होती म्हणून हे विचारता आले. या कायद्यात एक मेख आहे. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो, म्हणजे येथे कन्नड. शिवाय कर्नाटकाच्या नियमांनुसार विषय एकच हवा आणि मजकूर दीडशे शब्दांत. आपल्याच गल्लीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तो कन्नडमध्ये लिहून दिला.

यावर काही वडीलधारी मंडळी नाराज झाली. "मराठीसाठी भांडायचे आणि अर्ज कन्नडमध्ये?" त्यांचे दुखणे आम्हाला कळते. पण गाऱ्हाणे मराठीतच द्यावे, सोबत कन्नड तर्जुमा जोडावा आणि माहिती मागताना कायदा सांगतो त्या भाषेत मागावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याची भाषा आल्याने आपली जात नाही. शाळा बंद पडली तर मात्र जाते.

तीस दिवसांच्या आत उत्तर आले. त्यानंतर कागद हलला आणि नव्या वर्षात दुसऱ्या बाई रुजू झाल्या.

आता ग्रामसभा. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सभासद आहे, निवडून आलेलेच नव्हेत. सुनेचे नाव यादीत असेल तर तीही सासऱ्याइतकीच सभासद! ठराव मांडा, इतिवृत्तात लिहिला गेला का ते पाहा, मगच सही करा. कोऱ्या वहीवर सही करण्याची आपली जुनी खोड आहे, ती सोडा.

शाळेच्या व्यवस्थापन समितीचेही तसेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्याकडे बाया नावाला असतात आणि सभेला नवरे जातात. भगिनींनो, स्वतः जा. शाळेत किती खोल्या गळतात, हे पोरांच्या ओल्या दप्तरांवरून तुम्हाला आधी कळते.

दाराजवळच्या टेबलावर अर्जांचे नमुने ठेवले आहेत, मराठी आणि कन्नड दोन्ही. जाताना घेऊन जा, आणि शिक्का मिळाला की एक झेरॉक्स मंडळात आणून द्या.