औषधातील सातत्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दमा व श्वासनलिकांचे इतर जुनाट विकार यांवर आज चांगली औषधे मिळतात. परंतु ती नेमाने घेतली जात नाहीत. आम्ही आज बोलणार आहोत ते या अनियमिततेविषयी.

दम्याचे 'पंप' मुख्यतः दोन प्रकारचे. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतो. स्टेरॉइडचा पंप नलिकांची आतील सूज हळूहळू उतरवितो. त्याचा पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात. साहजिकच पहिला उशाशी राहतो आणि दुसरा, बरे वाटू लागताच, फडताळात जातो. वस्तुतः ते बरे वाटणे दुसऱ्याचीच कृपा असते.

धूम्रपानाने वा चुलीच्या धुराने जडणाऱ्या सी.ओ.पी.डी. या विकाराविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेले आकडे विचार करावयास लावणारे आहेत. 'टॉर्च' नामक तीन वर्षांच्या चाचणीत ८० टक्क्यांहून अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के रुग्ण दगावले. त्याहून कमी घेणाऱ्यांपैकी २६.४ टक्के. औषधाऐवजी नुसती नकली मात्रा मिळालेल्यांतही असाच फरक दिसला. तेव्हा सारे श्रेय औषधाचे नव्हे. नेमाने औषध घेणारा मनुष्य बहुधा इतर पथ्येही पाळतो. नेमाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

मग नेम मोडतो कशाने? एक तर खर्चाने. दुसरे, 'पंपाची सवय लागते' या समजुतीने. ही समजूत निराधार आहे. पंपातील स्टेरॉइडची मात्रा अत्यल्प असून ती थेट फुप्फुसांत जाते. घेतल्यावर चूळ भरली म्हणजे तोंड येण्याचे भयही कमी होते. तिसरे कारण बोलावयास अवघड, परंतु या सभेतच बोलले पाहिजे. उपवर मुलीचा पंप आपण पाहुण्यांपासून लपवितो. लपविलेले औषध वेळेवर घेतले जात नाही, आणि त्याची किंमत तिच्या श्वासाला मोजावी लागते. वधूवरांची बोलणी करताना दम्याचा उल्लेख चष्म्याच्या नंबराइतकाच सहज व्हावा, अशी आमची विनंती आहे.

पंप दात घासण्याच्या जागी ठेवावा, घरातील एकाने रोज आठवण करावी, आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून तो बंद करू नये. एवढे प्रत्येक कुटुंबाने मनावर घेतले, तर आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.