हलत्या चित्रांचा व्यवसाय आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी जुना मॅट्रिक झालेला शाळामास्तर. अ‍ॅनिमेशन, म्हणजे हलती चित्रे करण्याची विद्या, हा माझ्या अधिकाराचा विषय नव्हे. तरीही तो निवडला, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि ती दुसऱ्या घरी घडू नये अशी इच्छा आहे.

माझा पुतण्या या विद्येची पदवी घेऊन घरी आला. नोकरी मिळेपर्यंत स्वतंत्रपणे कामे घ्यावीत, ज्याला हल्ली फ्रीलान्स म्हणतात, असे त्याने ठरविले. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने जाहिरातीसाठी अर्ध्या मिनिटाचे चित्र मागितले. मुलगा मोबदल्याची गोष्ट काढू लागला, तेव्हा मीच त्याला दटावले, "ओळखीच्या माणसापाशी पैसे कसले मागतोस? आधी काम दाखव." सेकंदास २४ चौकटी, एक चित्र दोन चौकटी धरले तरी १२ चित्रे, म्हणजे अर्ध्या मिनिटास ३६०! दीड महिना पोराने रात्री जागविल्या. पाच वेळा फेरफार झाले. अखेर "नमुना म्हणून ठीक आहे" एवढेच उत्तर मिळाले. चित्र मात्र जाहिरातीत झळकले. पुतण्या मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण मला फार उशिरा आठवले. १९१२ साली चित्रपटासाठी भांडवल हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, महिन्याहून अधिक काळ रोज थोड्या चौकटी टिपल्या आणि सुमारे मिनिटभराच्या चित्रात अंकुराचा वेल होताना दाखविला. तो पाहून कर्ज मिळाले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यांनी काम दाखविले, हे खरे. परंतु ती कुंडी त्यांची स्वतःची होती! नमुना स्वतःसाठी करावा. दुसऱ्यासाठी केलेल्या कामाचे मोल घ्यावे.

तरुणांनो, मिनिटभराची आपली उत्तम कामे एकत्र करा. सर्वांत चांगले ते आरंभी ठेवा. सामुदायिक कामात आपला वाटा कोणता, ते प्रामाणिकपणे लिहा. ते घेऊन पुस्तकांचे प्रकाशक, शिकवणी वर्ग, डॉक्टर, यंत्रांचे कारखानदार यांच्याकडे जा; मोठ्या स्टुडिओत जादा हात लागतात, तेथेही विचारा. काम स्वीकारण्यापूर्वी लांबी, मुदत, फेरफारांची संख्या आणि आगाऊ रक्कम लेखी ठरवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन करविलेल्या चित्राचा हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून ते आपल्या नमुन्यांत दाखविण्याची परवानगीही लिहून घ्या. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात.

आता वडीलधाऱ्यांना विनंती. लग्नाची हलती निमंत्रणपत्रिका हवी झाली की आपण म्हणतो, "घरचाच मुलगा आहे." आणि त्याच मुलाचे स्थळ आले की विचारतो, "नोकरी कोठे आहे?" फुकट काम करवून घ्यावयाचे आणि मग मिळकत नाही म्हणून नाके मुरडावयाची, हा न्याय नव्हे.

आज प्रारंभी आपण मंडळाच्या बोधचिन्हाचे हलते चित्र पाहिले. ते माझ्या पुतण्याचे आहे. कार्यकारिणीत "आपलाच मुलगा" हा शब्द निघाला, तेव्हा मी उठून हिशेब मांडला. मंडळाने निम्मी रक्कम आगाऊ दिली आणि उरलेली काल दिली. पावती घेऊन तो घरी आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, या वेळी तुम्ही आधी पैशाचे बोललात."